चुकलेल्या नेमाचा एक गुण

नेम चुकला की पदरात काही पडत नाही, हा बहुतेक खेळांचा कायदा आहे. फुटबॉलचा चेंडू खांबाला चाटून बाहेर गेला तर प्रेक्षक हळहळतात. परंतु त्या हळहळीची नोंद गुणफलकावर होत नाही. हॉकीतही तेच, आणि लहानपणी शाळेच्या अंगणात आपण खेळलेल्या गोट्यांच्या डावातही तेच. गोटी खळग्याच्या अगदी काठावर येऊन थांबली तरी ती बाहेरचीच मानली जाई. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात जन्मास आलेला एक खेळ मात्र ह्या कायद्याला अपवाद आहे. तेथे थोडक्यात चुकलेल्या नेमालाही एक गुण मिळतो. त्या एका गुणाने १९६६ साली विजेतेपदाचा निकाल लावला आणि ४४ वर्षांनी, त्याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात, त्याच एका गुणाने निकाल लागूच दिला नाही. ह्या दोन सामन्यांविषयी आणि त्यांच्या निमित्ताने मनात घर करून राहिलेल्या एका विचाराविषयी आज लिहावेसे वाटते.

ह्या खेळाला 'ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल' म्हणतात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलशी त्याचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगाला गंज चढू नये म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स ह्या क्रिकेटपटूने १८५८ साली मेलबर्नमध्ये केली आणि पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. क्रिकेटच्या सावलीत वाढलेला हा खेळ आजही लंबवर्तुळाकार मैदानावर खेळतात. एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो पायाने मारावा, मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे द्यावा किंवा हातात घेऊन, अधूनमधून जमिनीवर टप्पा देत धावत सुटावे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब ओळीने उभे असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून थेट गेला की गोल, म्हणजे सहा गुण. तो उंच आणि ठेंगण्या खांबांच्या मधून गेला, उंच खांबाला लागला किंवा वाटेत कोणाच्या हाताला त्याचा निसटता स्पर्श झाला, की एक गुण. ह्या एका गुणाला 'बिहाइंड' म्हणतात. ठेंगण्या खांबांच्याही पलीकडून चेंडू गेला तर मात्र काहीच नाही. गोल झाला की तेथील पंच दोन निशाणे फडकावतो. बिहाइंड झाला की एक.

पूर्वी निकाल केवळ गोलांवर लागत असे. बिहाइंड टिपून ठेवीत, पण हिशेबात धरीत नसत. १८९७ साली 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' ह्या स्पर्धेचा पहिला मोसम सुरू झाला, तेव्हापासून चुकलेला नेमही हिशेबात आला.

मोसमाच्या शेवटी विजेतेपद ठरवणारा एकच सामना होतो. त्याला तेथे 'ग्रँड फायनल' म्हणतात. प्रथेप्रमाणे तो सप्टेंबर महिन्याच्या अखेरच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट मैदानावर खेळतात. १९८५ साली सुनील गावसकर ह्यांच्या संघाने पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली ते हेच मैदान. ग्रँड फायनलच्या दिवशी तेथे लाखभर माणसे जमतात, आणि उरलेले शहर दूरदर्शन संचासमोर बसलेले असते.

आता त्या दोन संघांविषयी. पहिला सेंट किल्डा. हे नाव वाचताच कॅथलिक वाचकाचे मन संतांच्या यादीकडे धाव घेईल; पण तेथे शोधून उपयोग नाही. किल्डा नावाची संत व्यक्ती कधी होऊन गेल्याचा पुरावाच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात सेंट किल्डा नावाची दुर्गम बेटे आहेत. त्यांच्यावरून एका गलबताचे नाव 'लेडी ऑफ सेंट किल्डा' असे ठेवले गेले. ते गलबत १८४० नंतरच्या काळात मेलबर्नच्या किनाऱ्याशी नांगर टाकून होते, आणि त्यावरून तेथील वस्तीला नाव मिळाले. अशा रीतीने, कधीही नसलेल्या संताच्या नावाने १८७३ साली एक संघ निघाला आणि त्याच्या खेळाडूंना सारे शहर 'सेंट्स', म्हणजे संत, म्हणू लागले. ह्या संतांचा आरंभ मात्र दीनवाणा होता. लीगच्या पहिल्या तीन मोसमांत ते ओळीने ४८ सामने हरले. १९०० साली पहिला विजय मिळाला, तोही कसा? मेलबर्न संघाविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला होता. तिसऱ्या सत्राची घंटा झाल्यानंतर मिळालेला एक बिहाइंड प्रतिपक्षाच्या खाती धरला गेल्याची तक्रार झाली, ती मान्य झाली, आणि सेंट किल्डा एका गुणाने विजयी ठरला!

दुसरा संघ कॉलिंगवूड. तो १८९२ साली निघाला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा त्यांचा गणवेश, आणि त्याच रंगाच्या मॅगपाय पक्ष्यावरून पडलेले टोपणनाव. कॉलिंगवूड ही त्या काळी कारखान्यांतील मजुरांची, दाटीवाटीची वस्ती. त्यात आयरिश कॅथलिक कुटुंबे पुष्कळ. मेलबर्नचे विख्यात आर्चबिशप डॅनियल मॅनिक्स आपल्या निवासस्थानापासून कॅथीड्रलपर्यंत पायी जात आणि वाटेत गोरगरिबांच्या हातावर नाणी ठेवीत, ही आठवण तेथील वृद्ध आजही सांगतात. हातावर पोट असलेल्या अशा माणसांनी हा संघ डोक्यावर घेतला, आणि संघानेही त्यांना विजेतेपदांची रास दिली. परंतु १९५८ च्या विजयानंतर त्यांचे ग्रह फिरले. १९९० साली पुन्हा विजेतेपद मिळेपर्यंत ते आठ वेळा अंतिम सामन्यात हरले. तात्पर्य, दुःख दोन्ही घरी पुरेसे होते.

२४ सप्टेंबर १९६६ रोजी हे दोन संघ समोरासमोर आले. सेंट किल्डाने तोवर एकदाही विजेतेपद मिळवले नव्हते. प्रशिक्षक ॲलन जीन्स, कर्णधार डॅरेल बाल्डॉक आणि मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक. सामना संपत आला तेव्हा दोन्ही संघांचे दहा गोल आणि तेरा बिहाइंड, म्हणजे ७३ गुण झाले होते. अशा वेळी बॅरी ब्रीन ह्या सेंट किल्डाच्या तरुण खेळाडूने गर्दीतून घाईघाईने चेंडू मारला. तो धड बसला नाही. डळमळत, टप्पे खात तो गोलाच्या बाजूने निघून गेला. एक निशाण फडकले. ७४ विरुद्ध ७३. सेंट किल्डाच्या इतिहासातील पहिले विजेतेपद ते हेच. आणि २०२५ च्या मोसमाअखेरपर्यंतचा हिशेब मांडला तर एकमेव विजेतेपदही हेच.

ही सारी हकिकत मला एका वृद्ध गृहस्थांकडून समजली. २०१० साली काही महिने मी मेलबर्नच्या दक्षिणेकडील एका धर्मग्रामात मदतीसाठी राहिलो होतो. तो सारा भाग सेंट किल्डाच्या भक्तांचा. हे गृहस्थ पूर्वी ट्राम चालवीत. फुप्फुसाच्या विकाराने त्यांना घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. नाकाला प्राणवायूची नळी लावून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. मी त्यांना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी जात असे. १९६६ साली ते २६ वर्षांचे होते आणि मैदानावर हजर होते. त्यांच्या पत्नी मात्र जन्माने कॉलिंगवूडच्या. ती दुपार त्यांनी माहेरच्या स्वयंपाकघरात रेडिओजवळ बसून काढली होती, आणि शेवटी वडिलांनी रेडिओ बंद करून भिंतीकडे तोंड केले होते. पुढे ह्या दोघांचा विवाह झाला. "आमचा मिश्रविवाह आहे, फादर," बाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. दोघेही बालपणापासूनचे कॅथलिक. मिश्रविवाह होता तो संघांचा.

आणि त्याच वर्षी तेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात येऊन ठेपले. सेंट किल्डाचा संघ आदल्या वर्षी, २००९ साली, जीलाँग संघाकडून १२ गुणांनी हरला होता. त्या दिवशी त्याने नऊ गोल मारले होते आणि चौदा बिहाइंड. त्या चौदांपैकी मोजके तीन नेम जरी मधल्या खांबांतून गेले असते तरी निकाल फिरला असता. तेव्हा बिहाइंड म्हणजे निव्वळ दिलासा असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या पोटात एक ठपकाही असतो.

२५ सप्टेंबर २०१० रोजी दुपारी मी त्या दांपत्याच्या घरी सामना पाहण्यास गेलो. त्यांचा दहा वर्षांचा नातू लाल, पांढऱ्या आणि काळ्या रंगाचा मफलर गुंडाळून आजोबांच्या पायाशी बसला होता. मैदानावर १,००,०१६ प्रेक्षक होते. पूर्वार्ध कॉलिंगवूडचा झाला. मध्यंतराला ते २४ गुणांनी पुढे होते. आजोबांनी चहा मागितला, पण कप तसाच राहिला. उत्तरार्धात सेंट किल्डाने एकेक पाऊल पुढे टाकीत अंतर कमी केले. सामन्याच्या अखेरीस ब्रेंडन गॉडर्ड हा खेळाडू इतरांच्या डोक्यांवरून उंच झेपावला आणि त्याने हवेतच चेंडू पकडला. असा झेल घेणाऱ्याला कोणाचाही अडथळा न होता चेंडू मारण्याची संधी मिळते. त्याने गोल केला आणि सेंट किल्डा सहा गुणांनी पुढे गेला. नातू उड्या मारू लागला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले. थोड्याच वेळात कॉलिंगवूडने एका गुणाची आघाडी परत मिळवली.

मग तो क्षण आला. सेंट किल्डाच्या लेनी हेझने लांबवर चेंडू मारला. समोर मोकळे मैदान, आणि चेंडूमागे धावणारा स्टीफन मिल्न. टप्पा सरळ पडता तर चेंडू त्याच्या हातात आणि गोल समोर, अशी स्थिती होती. परंतु अंडाकृती चेंडूचा टप्पा कोणाच्या मर्जीने पडत नाही. चेंडू एकाएकी बाजूला वळला, मिल्नच्या हाताला हुलकावणी देऊन गेला आणि उंच खांबाच्या बाहेरून निघाला. एक निशाण. ६८ विरुद्ध ६८. त्यानंतर उरलेला अल्प वेळ दोन्ही संघ चेंडूसाठी झुंजले आणि भोंगा झाला.

त्या भोंग्यानंतरची शांतता मी आजवर कोणत्याही मैदानावर अनुभवलेली नाही. लाखभर माणसे उभी होती आणि काय करावे हे कोणालाच कळत नव्हते. खेळाडू जागच्या जागी बसले, काही आडवे झाले. सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक लेनी हेझला मिळाले, पण आनंद कसला करावा हे त्यालाही उमगत नसावे. त्या काळच्या नियमानुसार अंतिम सामना बरोबरीत सुटला की पुढच्या शनिवारी तो पुन्हा खेळावा लागे. असे त्यापूर्वी केवळ दोनदा, १९४८ आणि १९७७ साली, घडले होते.

बाई उठल्या, चहाचा थंड झालेला कप उचलला आणि म्हणाल्या, "चला, ह्या घरात आणखी आठवडाभर तरी शांतता राहील."

तेथून मी सायंकाळच्या मिस्सेसाठी चर्चमध्ये गेलो. लोक आले होते. काही लाल-पांढऱ्या-काळ्या मफलरांत, दोन-चार काळ्या-पांढऱ्या. एकमेकांचे अभिनंदन करावे की सांत्वन, हा प्रश्न साऱ्यांच्या चेहऱ्यांवर होता. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी त्यांनी जे हस्तांदोलन केले त्यात मात्र नेहमीपेक्षा अधिक ऊब होती. पराभवाने माणसे दूर होतात आणि विजयानेही. निकाल न लागल्यामुळे त्या सायंकाळी सारे एकाच पायरीवर उभे होते.

पुढचा शुक्रवार हा महिन्याचा पहिला शुक्रवार होता, १ ऑक्टोबर. ख्रिस्तशरीर घेऊन झाल्यावर आजोबा थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "फादर, उद्यासाठी प्रार्थना केली तर देवाला चालेल का?"

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "त्यांना सांगा, मी नोव्हेना सुरू केली आहे! नोव्हेनाला नऊ दिवस लागतात आणि मध्ये सातच आहेत, म्हणून दोन दिवस दुप्पट केली."

मी म्हणालो, "एकाच घरातून दोन उलट मागण्या गेल्या तर देवाची पंचाईत होईल. तुम्ही दुसरे काही मागा." ते हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मला उद्या हरण्याचे भय नाही. हरण्याची सवय आहे. ४४ वर्षे मी हेच करीत आलो. परंतु ह्या पोराला मी जन्मल्याबरोबर क्लबचा सभासद केले. उद्या हरलो तर त्याला वाटेल, की आजोबांनी आपल्याला फसवले. आयुष्यभर एखाद्या गोष्टीवर निष्ठा ठेवायची आणि तिने काहीच द्यायचे नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला कसे समजवावे?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. असा प्रश्न केवळ खेळापुरता नसतो, हे धर्मगुरूला वेगळे सांगावे लागत नाही. किती माता मुलासाठी वर्षानुवर्षे रोझरी म्हणतात आणि मूल दारूपासून सुटत नाही! किती जण प्रामाणिकपणे नोकरी करतात आणि बढती दुसऱ्याला मिळते! त्यांचा प्रश्नही हाच असतो, फक्त शब्द निराळे.

२ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला. त्याचे वर्णन थोडक्यात करता येते, कारण तो एकतर्फी होता. पहिल्याच सत्रात सेंट किल्डाचा कर्णधार निक रिवोल्ट मोकळ्या गोलासमोर चेंडू मारण्याच्या बेतात असताना कॉलिंगवूडच्या हीथ शॉने मागून झेप घेऊन तो हातांनी अडवला. तेथून सेंट किल्डाला सूर सापडला नाही. १०८ विरुद्ध ५२. कॉलिंगवूडला वीस वर्षांनी विजेतेपद मिळाले. शेवटच्या भोंग्यापूर्वीच बाईंनी दूरदर्शनचा आवाज बंद केला, असे मला नंतर समजले. त्या आनंदल्या नव्हत्या असे नाही. पण नवऱ्यासमोर आनंद करणे त्यांना जमले नाही.

दुसऱ्या दिवशी सामान्य काळाचा सत्ताविसावा रविवार होता. त्या रविवारचे पहिले वाचन हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथातील. मी हाक मारतो आहे, पण तू ऐकत नाहीस, हे आणखी किती काळ चालणार, असा जाब संदेष्टा देवाला विचारतो. आणि विलंब झाल्यासारखे वाटले तरी वाट पाहा, असे त्याला उत्तर मिळते. वाचन करणारे सद्गृहस्थ सेंट किल्डाचे जुने सभासद होते. पहिल्याच ओळीवर त्यांचा आवाज अडखळला आणि बाकांवरून दबलेल्या हास्याची एक लहर गेली. मी प्रवचनात फुटबॉलचे नावही काढले नाही. खेळातल्या हारजितीला क्रूसाची उपमा देणे मला रुचत नाही. क्रूस त्याहून फार जड आहे. परंतु हबक्कूकचा प्रश्न त्या दिवशी त्या लोकांनी जितक्या लक्षपूर्वक ऐकला, तितका एरवी क्वचितच ऐकला जातो.

मिस्सेनंतर मी आजोबांकडे गेलो. नातू आला होता. त्याचा मफलर कोपऱ्यात फेकलेला होता आणि तो कोणाशी बोलत नव्हता. आजोबांनी त्याला जवळ बोलावले आणि अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत, श्वास घेत घेत, १९६६ ची गोष्ट पुन्हा सांगितली. ती त्या मुलाने शंभरदा ऐकलेली असावी. पण त्या दिवशी आजोबांनी तिचा शेवट वेगळा केला. ते म्हणाले, "एक लक्षात ठेव. ब्रीनला गोलच हवा होता. तो त्याला मिळाला नाही, चेंडू बाजूने गेला. आपले जे एकमेव विजेतेपद आहे ना, तेसुद्धा एका चुकलेल्या नेमाचे आहे."

मुलगा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. परंतु परतताना त्या वाक्याने माझी पाठ सोडली नाही.

गुरुविद्यालयात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकताना 'हामार्तिया' हा शब्द आम्हांला शिकवला गेला होता. नव्या करारात पापासाठी हाच शब्द येतो, आणि त्याचा मूळ अर्थ आहे नेम चुकणे. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तसेच. शास्ते ह्या ग्रंथात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणकऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. आणि तेथे 'चुकणे' ह्यासाठी जे क्रियापद आहे, तेच अन्यत्र 'पाप करणे' ह्यासाठी येते. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. त्या रविवारी त्याला एक नवी बाजू आहे असे जाणवले. नेम चुकतो तो नेम धरणाऱ्याचा. ज्याने चेंडू हातीच घेतला नाही, त्याचा नेम चुकत नाही, आणि त्याच्यासाठी निशाणही फडकत नाही.

ह्याचा अर्थ पापाला बक्षीस मिळते असा कोणी करू नये. २००९ सालचे चौदा बिहाइंड सेंट किल्डाला वाचवू शकले नाहीत, हे विसरता येत नाही. बिहाइंड हा गोल नव्हे, तो सहाव्या हिश्शाचा आहे. आणि दिशाच सोडून मारलेल्या चेंडूला तर काहीच मिळत नाही. सांगायचे ते एवढेच, की ज्याची दिशा बरोबर होती, ज्याने जीव तोडून प्रयत्न केला आणि तरीही जो थोडक्यात चुकला, त्याचा प्रयत्न शून्यात जमा होत नाही. विधवेच्या दमडीकडे प्रभू येशूचे लक्ष गेले, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही त्याने मोजला. अशा प्रभूच्या वहीत केवळ गोलच लिहिलेले असतील, असे मला वाटत नाही.

त्याच महिन्यात, १७ ऑक्टोबर २०१० रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी रोम येथे मदर मेरी मॅकिलॉप ह्यांना संतपद बहाल केले. ऑस्ट्रेलियाची ही पहिली संत. तिचा जन्म १८४२ साली मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातला. गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी तिने १८६६ साली संत जोसेफच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. आणि १८७१ साली तिच्याच बिशपांनी तिला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. पाच महिन्यांनी तो बहिष्कार उठला. त्या पाच महिन्यांत कोणी तिच्या आयुष्याचा हिशेब मांडला असता, तर तिच्या खात्यात काय दिसले असते? सोहळा मी त्या दांपत्याच्या घरीच पाहिला. फिट्झरॉय हे कॉलिंगवूडला लागूनच, हे बाईंनी अभिमानाने सांगितले. आजोबा उसासा टाकून म्हणाले, "बघा फादर, संतांचे नाव आमच्या संघाला, आणि खरी संत निघाली तीही हिच्याच बाजूची!"

डिसेंबरमध्ये मी परत आलो. मार्च महिन्यात बाईंचे पत्र आले. नवा मोसम सुरू होण्यापूर्वीच आजोबांचे निधन झाले होते. शवपेटीवर सेंट किल्डाचा मफलर बाईंनी स्वतःच्या हातांनी ठेवला होता. पत्रात एक वाक्य असे होते, की अंत्यविधीनंतर चार दिवसांनी टपालाने क्लबचे नव्या वर्षाचे सभासदपत्र आले. ऑक्टोबरमध्येच त्यांनी त्याचे पैसे भरून ठेवले होते. ते आता नातवाने आपल्या पत्राबरोबर जपून ठेवले आहे.

२०१६ साली नियम बदलला. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर आता पुन्हा खेळत नाहीत. त्याच दिवशी जादा वेळ देऊन निकाल लावतात. खर्च, प्रवास, प्रेक्षकांची सोय ही कारणे खरीच आहेत, आणि नियम करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. तरीही मला त्या एका आठवड्याची आठवण येते. त्या सात दिवसांत कोणी जिंकलेला नव्हता आणि कोणी हरलेला नव्हता. सारे शहर वाट पाहत होते, एका घरात नोव्हेना चालली होती, आणि मरणाच्या वाटेवरचा एक माणूस आपल्या नातवाची चिंता करीत होता. आपल्या श्रद्धेचे बहुतेक आयुष्य अशाच आठवड्यात जाते, अखेरचा भोंगा होण्यापूर्वीच्या.

प्रायश्चित्ताच्या संस्काराला येणारी माणसे पुष्कळदा खालच्या आवाजात एकच गोष्ट सांगतात: "फादर, प्रयत्न केला, पण ह्याही वेळी जमले नाही." पूर्वी मी त्यांना पुढच्या वेळी अधिक प्रयत्न करा, एवढेच सांगत असे. ते आजही सांगतो. पण त्याआधी, प्रयत्न कसा केला, कोठपर्यंत गेलात, हे विचारतो. दारूच्या दुकानापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलेला आणि तिसऱ्यांदा आत गेलेला माणूस जेव्हा ते सांगतो, तेव्हा त्या दोन परतीच्या फेऱ्या मी त्याला मोजून दाखवतो. त्या त्याने स्वतः मोजलेल्या नसतात.